उचल कोणाची आणि बांधिलकी कोणाची?

शिर्डीला येणाऱ्या कुटुंबाचा दिवस आता केवळ समाधिमंदिराच्या रांगेत संपत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यातील या तीर्थक्षेत्री ‘वेट एन जॉय’ हे जलउद्यान आणि ‘साईतीर्थ’ हे भक्तिविषयक थीम पार्क उभे राहिले आहे. वडीलधाऱ्यांची ओढ दर्शनाकडे आणि मुलांचा हट्ट पाण्याच्या घसरगुंडीचा, अशी आजच्या शिर्डीवारीची विभागणी झाली आहे. त्यात गैर काही नाही. मात्र देशभरच्या अशा उद्यानांत तिकीट काढताना आता एक जोडप्रश्न सर्रास पुढे येतो: तिकीट जेवणासह हवे की जेवणाविना? दिवसभराच्या खाण्याचे पैसे सकाळीच एकरकमी भरा, हातात कूपन किंवा मनगटात पट्टी घ्या आणि निर्धास्त व्हा, असा त्यामागचा आग्रह असतो. मागे रांग वाढत असते, मुले हात ओढत असतात आणि कुटुंबप्रमुख दोन मिनिटांत ‘हो’ म्हणून मोकळा होतो. त्या ‘हो’चा हिशेब मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

विचारपत्राने असल्या किरकोळ बाबीत कशाला शिरावे, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. तथापि सुट्टी ही कामगाराला कोणी बक्षीस म्हणून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मान्य झाली. फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये कामगारांनी कारखाने व्यापले आणि लेऑं ब्लूम यांच्या लोकआघाडी सरकारने दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला. त्या वर्षी हजारो कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. अशा रीतीने मिळवलेला दिवस कष्टकरी कुटुंब कसा घालवते, त्या दिवशी त्याच्या खिशातून किती जाते आणि त्या बदल्यात त्याच्या पदरात काय पडते, हा चळवळीचाच विषय आहे. वर्षातून एकदा होणाऱ्या सहलीत शे-दोनशे रुपयांनी फसणारा माणूस पुढच्या वर्षी सहलच रद्द करतो. मग सुट्टीचा हक्क कागदावर शिल्लक राहतो आणि तिचा उपभोग मात्र ऐपतदारांपुरता उरतो.

प्रथम साधे अंकगणित पाहू. येथे दिलेले भाव कोणत्याही एका उद्यानाचे नाहीत, ते समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, उद्यानाच्या आत दुपारच्या थाळीला २८० रुपये, संध्याकाळच्या नाश्त्याला १२० रुपये आणि चहा किंवा सरबताला ५० रुपये पडतात. तिन्ही मिळून ४५० रुपये झाले. हेच सर्व आगाऊ घेतल्यास माणशी ३९० रुपये. म्हणजे माणशी ६० रुपयांची सवलत. पाच जणांच्या कुटुंबाला ३०० रुपये वाचले, असा फलकाचा दावा आणि कागदावर तो खराही आहे.

आता ते कुटुंब प्रत्यक्षात काय खाते ते पाहावे. नवरा, बायको, सासूबाई, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा असा परिवार धरू. वार गुरुवार, म्हणून सासूबाईंना उपवास. त्यांना चहाखेरीज काही नको. लहान मुलगा आईच्या ताटातले चार घास खातो आणि पुन्हा पाण्याकडे धावतो. म्हणजे थाळ्या लागल्या तीन, त्यांचे ८४० रुपये. संध्याकाळी नाश्त्याच्या दोन बशा चौघांत वाटून झाल्या, त्यांचे २४० रुपये. चहा आणि सरबत मिळून चार पेले, त्यांचे २०० रुपये. एकूण खर्च १२८० रुपये. आगाऊ योजनेत मात्र पाच जणांचे १९५० रुपये सकाळीच गेलेले असते. ३०० रुपये वाचवायला गेलेल्या या कुटुंबाचे ६७० रुपये अधिक गेले. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे दोन दिवसांच्या मजुरीहून अधिक रक्कम कोणाच्याही पोटात न जाता गल्ल्यात जमा झाली.

यातून निघणारा नियम सोपा आहे. ४५० चे खाणे ३९० ला मिळत असेल, तर दर १५ रुपयांच्या खाण्यापैकी १३ रुपयांचे प्रत्यक्ष खाल्ले गेले पाहिजे. तेव्हा कुठे व्यवहार समसमान होतो. एक चहा सुटला तर दहा रुपयांचा फायदा कसाबसा उरतो. नाश्ता सुटला की साठ रुपयांचा तोटा सुरू होतो. म्हणून खिडकीवर सवलत किती, एवढेच विचारून भागत नाही. घरातली किती माणसे सर्व काही खाणार, हे आधी मोजावे लागते.

ज्यांना ही योजना सोयीची आहे, असेही लोक आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतले चार तरुण कामगार सुट्टीच्या दिवशी एकत्र निघाले, चौघांनाही भरपेट जेवण हवे, उपवास-पथ्याचा प्रश्न नाही, तर त्यांचे खरोखरच २४० रुपये वाचतील. शाळेच्या सहलीची गोष्ट तशीच आहे. चाळीस मुलांचे जेवण एका वेळी, एका जागी, ठरलेल्या दरात व्हावे, गुरुजींना दिवसभर रोकड सांभाळत फिरावे लागू नये, कोणाच्या खिशात पैसे आहेत आणि कोणाच्या नाहीत हे जेवणाच्या वेळी उघडे पडू नये, यासाठी आगाऊ ठरवलेले जेवण हाच चांगला मार्ग आहे. तेथे संख्या मोठी असल्यामुळे दरावर घासाघीसही करता येते. लहान मुले, वृद्ध, उपवास करणारे, मधुमेहाचे पथ्य पाळणारे किंवा अर्ध्या दिवसासाठीच आलेले लोक असलेल्या कुटुंबाला मात्र जागेवर पैसे देऊन लागेल तेवढेच घेणे बहुधा परवडते.

एवढ्यावर विषय संपला असता, तर तो गृहशास्त्राचा झाला असता. अर्थकारणाचा खरा प्रश्न पुढे आहे. पैसे आगाऊ घेतले की जोखीम कोणाकडे जाते? पाऊस आला, मुलाला ताप भरला, दर्शनाची रांग लांबली, भूकच लागली नाही, तरी विक्रेत्याचे काही अडत नाही. त्याचा माल विकला गेलेला आहे. सर्व अनिश्चितता ग्राहकाच्या माथी जाते आणि न वापरलेले कूपन संध्याकाळी कागदाचा कपटा होते. नगर जिल्ह्याला या व्यवहाराचे उलटे रूप चांगले ठाऊक आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांतली जोडपी दरवर्षी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. उचल घेतली की कोयता बांधला गेला. आजारपण असो, बाळंतपण असो, उचल फिटेपर्यंत सुटका नाही. हंगामात ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या बोकांडी बसते. तेथे नियम असा की, जो उचल घेतो तो बांधला जातो.

आता हाच नियम उद्यानाच्या खिडकीवर लावून पाहावा. तेथे उचल घेतो तो मालक. पैसे सकाळी त्याच्या हाती पडतात आणि सेवा दुपारी, संध्याकाळी द्यायची असते. मग बांधले जायला हवे त्याने. थाळीत काय आणि किती असेल, ती किती वाजेपर्यंत मिळेल, संपली तर काय, न खाल्लेल्या जेवणाचे पैसे कसे परत मिळतील, हे सर्व त्याने लिहून द्यायला हवे. घडते मात्र वेगळे. पैसे देणाराच वेळेला बांधला जातो, रांगेला बांधला जातो आणि ‘परतावा मिळणार नाही’ या बारीक अक्षरांतल्या ओळीलाही बांधला जातो. मजूर उचल घेतो तेव्हा मजूर बांधील, ग्राहक उचल देतो तेव्हा ग्राहकच बांधील. दोन्ही वेळा बांधिलकी त्याच वर्गाच्या वाट्याला कशी येते, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी लोकांपुढे मांडला पाहिजे.

आगाऊ पैशांचे जेवण महाराष्ट्राला नवीन नाही. गावोगावच्या विद्यार्थ्यांच्या खानावळी महिन्याचे पैसे आधी घेऊनच चालत आल्या. पण त्या व्यवहारात ‘खाडा’ नावाची एक न्याय्य रीत होती आणि आजही अनेक खानावळींत ती आहे. गावी जाणार असल्याचे आधी सांगितले की तेवढ्या दिवसांचा खाडा धरला जातो आणि ते पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. खानावळवाली बाई काही धर्मादाय संस्था चालवीत नाही. जे अन्न शिजलेच नाही त्याचे पैसे घेऊ नयेत, एवढी साधी व्यवहारनीती त्यामागे असते. गिरणगावात तर याहून पुढची गोष्ट होती. तेथे बायका किराणा उधारीवर आणून कामगारांना जेवू घालीत आणि पैसे पगाराच्या दिवशी घेत. जोखीम त्या स्वतः पत्करीत. सावकारी व्याजाने पिचलेल्या याच बायकांना संघटित करून १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. परवडणाऱ्या दरात पोटभर आणि स्वच्छ जेवण देता येते, हे त्या केंद्रांनी दाखवून दिले. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद केली आणि त्याखालील नियमांनी तेथील पदार्थ ना-नफा तत्त्वावर देण्याचे बंधन घातले. ज्या ठिकाणी माणूस दिवसभर अडकून पडतो, तेथे त्याच्या भुकेवर नफा उकळू नये, हे तत्त्व भारतीय कायद्याने अशा प्रकारे एकेकाळी स्पष्टपणे स्वीकारले होते.

अडकून पडणे हाच येथे कळीचा शब्द आहे. बाहेर जाऊन जेवून परत येता आले असते किंवा शिदोरी आत नेता आली असती, तर जेवणाची आगाऊ योजना ही निव्वळ सोय ठरली असती. फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा दारातच अडवला, एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत येण्याची मुभा काढून घेतली, की त्याच योजनेला सक्तीचे रूप येते. चित्रपटगृहांच्या बाबतीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, चित्रपटगृह ही मालकाची खाजगी मालमत्ता असल्याने बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा त्याला अधिकार आहे. मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य दिले पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी आणलेले अन्न अडवू नये, हेही त्यासोबत नमूद झाले. तो निर्णय चित्रपटगृहांपुरता होता. उद्यानांचे मालक त्याच तर्काचा आधार घेतील, हे उघड आहे. परंतु चित्रपट तीन तासांचा असतो. उद्यानात कुटुंब सकाळी शिरते ते सूर्यास्ताला बाहेर पडते. तीन तास भूक आवरता येते, उन्हातान्हात पाण्यात खेळलेल्या मुलाची आठ तासांची भूक आवरता येत नाही. दोन्हींना एकच माप लावणे न्याय्य होणार नाही.

या बाबतीत भांडवलशाहीच्या माहेरघराचा दाखलाही बोलका आहे. अमेरिकेत फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मुक्कामी पाहुण्यांसाठी आगाऊ जेवणाची योजना आहे. २०२० च्या महासाथीत ती बंद पडली आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. तेथेही न वापरलेली जेवणे मुक्काम संपण्याच्या दिवशी मध्यरात्री बुडतात आणि ती योजना घेणे फायद्याचे की तोट्याचे, यावर तेथील कुटुंबे वही-पेन्सिल घेऊन बसतात. अमेरिकेतली मराठी कुटुंबेही त्याला अपवाद नाहीत. पण त्याच उद्यानात घरून आणलेला डबा नेण्यास मुभा आहे. त्यामुळे योजना नाकारणारा उपाशी राहत नाही. याच कंपनीच्या शांघायमधील उद्यानात मात्र बाहेरच्या खाद्यपदार्थांना बंदी होती. २०१९ साली कायद्याच्या एका विद्यार्थिनीची बिस्किटे व फराळ दारात अडवला गेला. तिने न्यायालयात दावा लावला, देशभर चर्चा उसळली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कंपनीने नियम बदलून घरचे खाणे आत नेण्यास परवानगी दिली. नुकसानभरपाई मिळाली ती अवघी ५० युआन, पण लक्षावधी कुटुंबांच्या डब्यांना वाट मिळाली. नियम दगडावरची रेघ नसतो, हे त्या विद्यार्थिनीने सिद्ध केले.

मालकपक्षाचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. किती माणसे जेवणार हे सकाळीच कळले तर अन्न वाया जात नाही, स्वयंपाकघराचे नियोजन नीट होते, दर कमी ठेवता येतो. बाहेरच्या खाण्याने कचरा वाढतो आणि पाण्यात उष्टे-खरकटे पडते, असे ते सांगतात. यात तथ्य आहे. परंतु नियोजनाचा लाभ मालकाला होत असेल, तर त्यातला वाटा ग्राहकाला खाड्याच्या रूपाने मिळायला हवा. कचऱ्याचा उपाय जेवणासाठी वेगळी जागा राखणे हा आहे. तोक्योच्या डिस्नेलँडमध्ये बाहेरचे जेवण नेता येत नाही, पण प्रवेशद्वाराबाहेर डबा खाण्यासाठी जागा ठेवलेली आहे. शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या देशाला जे सुचते, ते इकडे अशक्य असण्याचे कारण नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या काही उद्यान-कंपन्या आपल्या अहवालांत प्रत्येक पाहुण्यामागे तिकिटाचे उत्पन्न किती आणि तिकिटाखेरीजचे किती, हे वेगवेगळे दाखवतात. खाणे हा त्यांच्या धंद्याचा हिशेबी भाग आहे. स्वच्छतेचा मुद्दा या हिशेबासोबतच तपासला पाहिजे.

शिर्डीपुरते बोलायचे तर तेथील कुटुंबाला एक पर्याय उपलब्ध आहे, जो इतर शहरांत नाही. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात भाविकांना विनामूल्य जेवण मिळते. २००९ साली तेथे ७३ सौर तबकड्या बसवून सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करण्याची आणि त्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक करण्याची व्यवस्था उभी राहिली. सकाळी दर्शन, दुपारी प्रसादालयात जेवण आणि त्यानंतर उद्यान, असा क्रम ठेवणाऱ्या कुटुंबाला जेवणाच्या आगाऊ योजनेची गरजच उरत नाही; संध्याकाळचा चहा-नाश्ता तेवढा विकत घ्यावा लागतो. मात्र तेथेही वारे बदलत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये एका माजी खासदारांनी या मोफत जेवणामुळे भिकारी गोळा होतात, म्हणून त्यासाठी पैसे आकारावेत, असे मत मांडले. फेब्रुवारीत संस्थानाने दर्शनाला आलेल्या भाविकांना कूपन देऊन त्यावर जेवण देण्याची पद्धत सुरू केली. सुरक्षिततेची कारणे त्यामागे सांगितली गेली आणि शिर्डीतल्या त्या वेळच्या गुन्ह्यांनी लोक हादरले होते, हेही खरे. तरीसुद्धा एका गावात दोन कूपने आता शेजारी शेजारी आली आहेत. एक कूपन पैसे भरलेल्याला, पण न जेवलेल्याला पैसे परत देत नाही. दुसरे कूपन ज्याच्याकडे नाही, त्या भुकेल्याने कोठे जावे, हा प्रश्न उभा राहतो. ज्या भूमीत फकिराने भिक्षा मागून आणलेले अन्न वाटून खाल्ले, तेथे या प्रश्नाचे उत्तर शोधणे शासनाचे आणि समाजाचे कर्तव्य आहे. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी अशाच भुकेल्यांसाठी होती. तिच्यासारखी केंद्रे तीर्थक्षेत्री भरपूर हवीत, ही मागणी म्हणूनच प्रस्तुत ठरते.

कायद्याचा आधार अगदीच नाही असे नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिलेल्या सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि ग्राहकावर अवाजवी अट लादणारा करार अन्याय्य ठरवून घेता येतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क पडत नाही. १९१५ या क्रमांकावर दूरध्वनीनेही तक्रार नोंदवता येते. पण ६७० रुपयांसाठी रोजंदारी बुडवून कोणी एकटा माणूस आयोगाच्या पायऱ्या चढणार नाही, हे मालकही जाणतो. एकट्याचे नुकसान लहान असते, म्हणूनच ते चालू राहते. ते थांबवायचे असेल तर संघटनाच हवी.

कार्यकर्त्यांनी यासाठी काही निश्चित मागण्या पुढे न्याव्यात. जेवणाविना तिकिटाचा दर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावलेला असावा आणि जेवणाची योजना कोणाच्या माथी मारू नये. न वापरलेल्या जेवणाचा खाडा त्याच दिवशी, त्याच खिडकीवर मिळावा. लहान मुलांना अर्धी थाळी आणि उपवासाचा पर्याय असावा. पिण्याचे पाणी विनामूल्य आणि सहज सापडेल अशा जागी असावे. घरची शिदोरी खाण्यासाठी आत किंवा दाराशी सावलीची जागा असावी. आतील उपाहारगृहांपैकी काही तरी स्थानिक महिला बचत गटांच्या हाती द्यावीत; १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा करून देशाला वाट दाखवणाऱ्या जिल्ह्याला हे अवघड जाऊ नये. तेथे ताटे वाढणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या कंत्राटी कामगारांना किमान वेतन मिळते की नाही, याचीही विचारपूस व्हावी, कारण स्वस्त थाळीची किंमत त्यांच्या मजुरीतून वसूल होऊ नये.

या मागण्या मान्य होईपर्यंत राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, संगमनेर भागातील कार्यकर्त्यांनी सहलीला निघणाऱ्या कुटुंबांना आणि शाळांना चार प्रश्न विचारायला शिकवावे. आमच्यापैकी किती जण हे सगळे खाणार? जागेवर घेतल्यास काय भाव पडेल? न खाल्ल्यास पैसे परत मिळतील का? बाहेर जाऊन पुन्हा आत येता येईल का? शेवटच्या दोन प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर आले आणि घरात एक जरी लहान मूल, उपवास किंवा पथ्य असेल, तर पैसे पदरातच ठेवावेत. दहा कुटुंबांनी खिडकीवर हे प्रश्न विचारले की अकराव्याला फलक बदललेला दिसू लागेल.